काड्यांचा बाण

नणंद-भावजयीचं सख्य फार वर्षं टिकलं की लोकांना संशय येतो. या दोघींचं टिकलं होतं, आणि त्याचं बरंचसं श्रेय गावाबाहेरच्या सार्वजनिक वनाला जात होतं. रविवारी सकाळी फाटक उघडलं की दोघी आत. घरात, चारचौघांत वहिनी नणंदेला ‘वन्सं, तुम्ही’ म्हणे. फाटकातून पाऊल आत पडलं की ‘तू’. मग नवऱ्यांच्या नकला होत, आणि एकीची सासू व दुसरीची आई, म्हणजे एकाच बाईला, दोघी मिळून मनसोक्त नावं ठेवत.

नणंद इस्पितळात परिचारिका. वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून तिच्या पायांना चाकं लागली होती. वहिनी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. दिवसभर मशीनवर बसून तिचा गुडघा कुरकुरे. त्यामुळे नणंद झपाझप पुढे जाई आणि वाटेला फाटा फुटला की तीन काड्यांचा बाण जमिनीवर ठेवी. वनखात्याचे दिशाफलक होते, पण त्यांवर प्रेमी जीवांनी इतकी नावं कोरली होती की दिशा वाचायची सोय उरली नव्हती. वहिनी मागून सावकाश येई, बाण बघून वळे आणि काड्या उचलून झुडपात टाकी. मागचीने उचलायच्या, हा नियम. उगाच दुसरं कुणी फसायला नको. तळ्याकाठच्या बाकावर नणंद थर्मासमधला चहा ओतून बसलेली असे.

काड्यांबद्दल वहिनीने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ते दोघींचं होतं.

त्या रविवारी फाटकाशी नणंद उभी होती आणि तिच्या शेजारी तिची सून. सून नवी कोरी, बूट नवे कोरे.

“हिलाही आणलं गं,” नणंद म्हणाली. “घरी एकटी बसून काय करणार?”

“बरं केलंत,” वहिनी म्हणाली. ‘केलंत’ तोंडातून गेलं आणि आजचा रविवार हातचा गेला, हे तिला कळलं.

“मामी, पिशवी द्या ना इकडे.”

“नको. मला सवय आहे.”

फाटकाजवळच्या हिरवळीवर लोकांनी चटया पसरल्या होत्या. एक बाप गाल फुगवून चेंडूत हवा भरत होता, जाळी नसताना दोन मुली बॅडमिंटन खेळत गुण मोजत होत्या. हिरवळ संपली, झाडी दाट झाली आणि पहिला फाटा आला. नणंद खाली बसली.

“हे बघ, असा ठेवायचा. टोक वाटेकडे.”

“अय्या, किती भारी! आई, मी ठेवू?”

कुणी आपल्या कपाटाचं दार उघडून आतलं सगळं पाहुण्यांना दाखवावं, तसं वहिनीला झालं. तेवढ्यावरही थांबलं नाही. नणंदेने वहिनीच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली, शेवटच्या शिट्टीसकट. सून पोट धरून हसली. वहिनीही हसली, जरा उशिराने. ती शिट्टी तिनेच नणंदेला शिकवली होती.

पुढे एका कुजलेल्या ओंडक्यावर छत्र्या उगवल्या होत्या. सून फोन काढून त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“तुम्ही दोघी व्हा पुढे. बाण बघत येते मी. आणि मामी, काड्या मीच उचलीन हं.”

नणंद सवयीने केव्हाच पुढे निघून गेली. वहिनी मधे राहिली. शेवटून येणं, काड्या उचलणं, एवढीच तिची जागा होती. तीही गेली.

तळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर नणंदेचा बाण पडला होता. नणंदेचे बाण म्हणजे चिखलात उमटलेला कावळ्याचा पाय. कसाबसा उजवीकडे बोट दाखवत होता. डावी वाट कुंपणाच्या कडेकडेने मागच्या फाटकाला जाते. तिथे रक्षक बसलेला असतो. ना दरी, ना जनावर. फार तर पाय दुखतील. नव्या बुटांना तेवढं तरी काम.

वहिनीने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. गुडघा धरत ती वाकली आणि बाण डावीकडे केला. मग झपाझप, म्हणजे तिला जमेल तेवढ्या झपाझप, उजवीकडे चालू लागली.

बाकावर तीन कप मांडले होते.

“आज लवकर आलीस गं!” नणंद म्हणाली.

“तुझी सून मागून ढकलत होती ना,” वहिनी म्हणाली, आणि ‘तू’ म्हटल्यावर तिला बरं वाटलं. पहिला घोट झकास लागला. तळं तेच, बाक तोच, बाजूला नणंद. वहिनी आता आपल्या मावसबहिणीच्या घराच्या रंगाबद्दल सांगायला सुरुवात करणार, एवढ्यात नणंदेने मान वळवून वाटेकडे पाहिलं.

“पोर कुठे राहिली?”

“येईल. फोटो काढतेय.”

“बाण दिसला असेल ना तिला?”

“न दिसायला काय झालं?”

नणंदेने तिसऱ्या कपातला चहा परत थर्मासमध्ये ओतला, निवू नये म्हणून. वहिनी बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्यासाठी चहा कधी परत ओतला गेला नव्हता. तिला उशीर झाला तर, “निवला गं, पी आता,” एवढंच. नणंद उठली. फोनला रेंज नव्हती. ती तळ्याकाठी फेऱ्या मारू लागली, अत्यवस्थ रोग्याच्या खोलीबाहेर नातेवाईक मारतात तशा. आपल्यासाठी हिने एक तरी फेरी मारली होती का, हे वहिनी आठवू लागली. तिला आठवेना.

सून आली ती लंगडत, चेहरा लालबुंद.

“मागच्या फाटकापर्यंत जाऊन आले! तिथल्या रक्षकाने सांगितलं, तळं उलट्या बाजूला आहे.” तिची नजर क्षणभर वहिनीवर टेकली. “माझंच चुकलं, आई. बाण नीट बघितला नाही.”

“बूट काढ आधी,” नणंद म्हणाली आणि गुडघे टेकून तिच्या सोललेल्या टाचेला चिकटपट्टी लावू लागली.

पोरीला कळलं होतं की नाही, ते वहिनीला समजेना. कळून झाकलं असेल तर पोर चांगली होती. ते तर आणखीच वाईट.

परतताना फाट्यावर बाण तसाच होता.

“अगंबाई, उचलायच्या राहिल्या,” सून घाईने वाकली.

“थांब,” नणंद म्हणाली.

तीन काड्या. तिन्हींची पानं खुडलेली. टोकाला टोक जुळवलेलं, दोन्ही बाजूंचा उतार सारखा, पडद्याच्या काठाला मारलेल्या टिपेसारखा. वहिनीला कापड वाकडं कापता येत नव्हतं. मातीतही वाकडं मांडता आलं नव्हतं.

“ही शिवण कोणाची गं, वहिनी?”

“आई, वाऱ्याने हलल्या असतील.”

“वारा टोकं जुळवत नाही.”

थाप वहिनीच्या जिभेवर तयार होती. पण पोरीने आधीच दोन थापा मारल्या होत्या, आणि दोन्ही वहिनीसाठी. तिसरी वहिनीच्याने मारवेना.

“माझी,” ती म्हणाली. “तू तिला शिकवलंस. मला विचारायचं तरी.”

सुनेने चमकून पाहिलं. मामी आईंना ‘तू’ म्हणतात, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“विचारायचं? जंगल काय तुझ्या माहेरहून आलंय?”

“जंगल सरकारचं आहे. काड्या आपल्या होत्या.”

नणंदेने काड्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “पोर हरवली असती तर?”

“त्या फाटकाला रक्षक असतो.”

“म्हणजे विचार करून केलंस.”

“हो.”

कुठेतरी दूर सायकलची घंटी वाजली. सून टाच चाचपत म्हणाली, “मामी, पुढच्या वेळी निदान बूट जुने झाल्यावर पाठवा.”

नणंदेला हसू आवरलं नाही. वहिनीला आवरलं. म्हणजे हिला चेष्टाही बरी जमते.

नणंदेने खाली वाकून काड्या उचलल्या आणि वहिनीच्या हातात कोंबल्या.

“पुढच्या रविवारी तू पुढे. बाण तू ठेवायचे. आम्ही मागून येऊ. बघू, कुठे नेतेस ते.”

ही शिक्षा होती की विश्वास, ते नणंदेच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. एरवी वहिनीने शिक्षाही हसत घेतली असती. पण तिच्या कानात ‘आम्ही’ राहून गेलं. नणंदेने सुनेचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी एकमेकींच्या चालीने फाटकाकडे निघाल्या.

वहिनीने काड्या पिशवीत टाकल्या. तळ्यामागे बांबूचं बेट आहे, तिला आठवलं. तिथली वाट इतकी अरुंद की दोघींना बरोबरीने चालता येत नाही. एकीमागे एक जावं लागतं आणि बोलायचं तर ओरडावं लागतं. पहिला बाण तिकडेच ठेवायचा, असं तिने ठरवलं, आणि कुरकुरत्या गुडघ्याने त्या दोघींमागून चालू लागली.