'आहेत'चं 'होत्या'

इद्वल बसने एका मंगळवारी सकाळी आपल्या बायकोला मारून टाकलं, आणि दुपारपर्यंत तिच्या दारात शेजारणी केक घेऊन उभ्या राहिल्या.

आमच्या ट्रेगारनमध्ये माणसं जास्त आणि नावं कमी, म्हणून धंदा नावाला चिकटतो. इद्वल दूध वेगळा, इद्वल बस वेगळा. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी बस काही त्याला सोडत नाही. त्याची बायको मॉर्विद हार्प वाजवायची. अख्ख्या वेल्समध्ये तिचं नाव, त्यामुळे आमच्या वेल्श ज्ञानकोशात तिच्यावर एक लहानसं पान. हा कोश इंटरनेटवरचा, कुणीही यावं आणि लिहावं असा. प्रत्यक्षात लिहिणारे आम्ही बोटावर मोजण्याइतके. दर मंगळवारी वाचनालयात मी नवख्यांना शिकवते आणि वैतागते. कुणाला स्वतःच्या कुत्र्यावर लेख हवा असतो, कुणाचे आजोबा 'थोर' असतात. 'थोर' खोडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

इद्वल पहिल्यांदा आला तो टोपी हातात धरून. म्हणाला, "नेस्ट, मला एकच शब्द बदलायला शिकव. लेख-बिख नको."

"कुठला शब्द?"

"मॉर्विदच्या पानावर पहिल्याच ओळीत 'आहेत' आहे ना, तो. आत्ता नाही. वेळ आली की."

मॉर्विदला काय झालंय ते गावाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी आपली समजूत घालायला गेले, "अरे, ते कुणीतरी करतंच. तू कशाला त्रास घेतोस?"

"कुणीतरी म्हणजे कोण? तो ओळखतो तिला?"

मी त्याला धूळपाटी उघडून दिली. धूळपाटी म्हणजे सरावाचं पान. तिथे काहीही गिरवा, कोशाला धक्का लागत नाही.

पुढच्या मंगळवारी त्याने बायकोचं पान धूळपाटीवर उतरवून घेतलं आणि सराव केला. 'आहेत' खोडलं, 'होत्या' लिहिलं, जतन केलं. घोळ एवढाच झाला की खरं पानही शेजारी उघडं होतं, आणि पठ्ठ्याने जतन केलं ते त्याच्यावर. मी तेव्हा पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी आजोबांशी झुंजत होते.

चॅपलची सेक्रेटरी आयर्लिस आमच्यातली सगळ्यात कडक संपादक. कोशातले 'अलीकडील बदल' ती बायबलच्या आधी वाचते. एरवी पुरावा नसला तर ती सख्ख्या भावाचं वाक्य उडवेल. पण हे लिहिणारा खुद्द नवरा. नवऱ्याला का पुरावा मागायचा? तिने डोळे पुसले आणि चॅपलच्या बायकांना फोन लावले.

दार मॉर्विदने उघडलं. समोर आयर्लिस, अंगात काळा कोट, हातात 'बारा ब्रिथ', म्हणजे आमच्याकडचा मनुकांचा केक. तिच्या मागे आणखी काळे कोट.

"आत या," मॉर्विद म्हणाली. "आयर्लिस, मनुका रात्रभर चहात भिजवल्यास ना? मागच्या खेपेला कोरड्याच होत्या."

संध्याकाळी तिचा मला फोन आला. "माझ्या नवऱ्याला काय शिकवतेस गं?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पान केव्हाच पूर्ववत केलंय म्हटलं, माफी मागितली, त्याची शिकवणी उद्यापासून बंद करते म्हटलं.

"बंद कशाला? मला त्याने सगळं सांगितलंय. स्वैपाकघरात बसून रडत होता वेडा." तिला धाप लागली होती. "खरं सांगू? परक्याच्या हातून 'होत्या' व्हायचं माझ्याही जिवावर येतं. तो करणार असेल तर चालेल मला. फक्त कुठलं बटण कुठे, ते धड शिकव त्याला."

मग मी धड शिकवलं. तोही शिकला. त्याच्या बसच्या रस्त्यावरची झाडून सगळी गावं त्याने दुरुस्त केली. एका थांब्याच्या नावावरून माझ्याशी हुज्जत घातली आणि जुना नकाशा आणून मला गप्प केलं. दर मंगळवारी तो मॉर्विदचं पान एकदा उघडायचा, पहिली ओळ वाचायचा आणि बंद करायचा. ते बघून मला बरं वाटायचं.

मार्चमध्ये मॉर्विद गेली.

कोशाची चावडी म्हणून एक पान असतं, तिथे आम्ही संपादक बोलतो. मी तिथे लिहिलं: मॉर्विदच्या पानाला कुणी हात लावू नका, इद्वल लावेल. आमच्यापैकी कुणी लावलाही नाही. पण सगळ्या जगातल्या मेलेल्यांच्या तारखा भरत फिरणारा एक बहाद्दर असतो, त्याला आमच्या भाषेचा गंध नाही. त्याने बदल केला. आयर्लिसने तो उलटवला. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत ती एरवी नियम सुनावते. या वेळी तिने लिहिलं, 'थांबा. नवरा येतोय.'

दफन झाल्यानंतरच्या मंगळवारी तो आला. पान त्याने स्वतःच उघडलं. 'आहेत' खोडलं आणि त्याचा हात थांबला. 'मॉर्विद एलिस या ट्रेगारनच्या हार्पवादक', आणि पुढे नुसती लुकलुकणारी उभी रेघ.

"असंच ठेवलं तर थोडा वेळ?" त्याने विचारलं.

"जतन केल्याशिवाय कुणाला दिसत नाही. राहू दे हवं तेवढं."

नवखे यायला लागले, त्यांना मी मुलांच्या खोलीत बसवलं. आयर्लिसने चहा आणून त्याच्याजवळ ठेवला आणि निघून गेली. चहा निवला. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. माझ्यासारख्या बडबडीला कसं जमलं कोण जाणे.

शेवटी त्याने एका बोटाने एकेक अक्षर लिहिलं. पडदा माझ्याकडे वळवला. "बघ गं, शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

मी हो म्हटलं. मला एक अक्षरही दिसत नव्हतं.