एका जागी दोन बोटी

अकरा वर्षांपूर्वी बाबा बोटीसकट बुडाले, आणि तेव्हापासून आईने घराच्या दाराला कडी लावली नव्हती. माणूस परत आला तर त्याला दार ठोठावत बसावं लागू नये! लोक आधी हळहळले, मग हसले, मग गप्प बसले. लेक मात्र शिकली आणि पाण्याखालचं लोखंड शोधू लागली. काकांच्या बोटीमागे लांब दोर, दोराच्या टोकाला चुंबकत्व मोजणारं यंत्र. खाली लोखंड असलं की मोजमापात उंचवटा येतो, पण इतका पुसट की डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखायला तिने संगणकाला शिकवलं होतं. खलाशी तिला चुंबकताई म्हणत.

महिनाभराच्या शोधाचा आज शेवटचा दिवस. यंत्र एका संस्थेकडून उसनं आणलेलं, उद्या ते परत करायचं होतं. धुक्यात पाणी आणि आभाळ एक झालं होतं. बोट चालतेय की नुसती तरंगतेय, कळत नव्हतं. मधूनच तिला वाटे, बाबा खालून आपल्याच चालीने सोबत येताहेत. पडद्यावरची रेघ मात्र सकाळपासून ढिम्म.

"काही नाही गं खाली," काका म्हणाले.

"असेल तर संगणक सोडणार नाही, काका. तुमच्या बोटीचा गोंगाटसुद्धा त्याला पाठ आहे. हिचं लोखंड, हिचं इंजिन, सगळं ओळखून आधीच वजा करतं."

"हिचं?" काका वळले. "अगं, पण ही आणि तुझ्या बाबांची बोट जुळ्या! आम्ही दोघा भावांनी एकाच कारखान्यात बांधून घेतलेल्या. हिचा भाग तिला चालायचा."

ती झटकन पडद्याकडे वळली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! असं लोखंड दिसलं की पुसून टाक, हे तिनेच शिकवलं होतं. महिनाभर संगणक गुणी बाळासारखा तिच्या बाबांना पुसत होता.

तिने ती वजाबाकी बंद केली आणि महिन्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा चालवल्या. काकांची बोट सगळीकडे होती, असणारच. पण एका जागी ती दोनदा होती.

काकांनी बोट तिथे नेली आणि इंजिन बंद केलं. एक बोट वर, एक खाली, दोघी थोडा वेळ थांबल्या. काकांनी तोंड फिरवलं. ती मात्र हमसून हमसून रडली, आणि रडता रडता तिला बरं वाटलं.

मग तिने घरी फोन लावला. "आई, बाबा सापडले."

 पलीकडे पावलं वाजली, आणि दाराची गंजलेली कडी कुरकुरत लागली.