शिवेवरचं मेंढरू

"कुणाचाबी इस्वास बसायचा न्हाय, पर ह्यो पूल माज्या डोळ्यांदेखत मोडला. आन् मीच परत उभा केला!" असं म्हणत निंगप्पा आण्णा ओढ्यावरच्या दगडी पुलाच्या कठड्यावर टेकले.

शेजारच्या मल्लप्पाचा चहा बशीतच राहिला. "हौदा? खरंच?"

"मंग! माजी नात सोनाली सोलापुरात इंजिनेरी शिकती. उसाचा ट्रॅक्टर ह्यो पूल पेलतोय का, त्ये तिनं सांगायचं हुतं. न्हाय म्हनली असती तर पूल बंद. साळंची पोरं, दूधवाले, समदे आठ कोस वळसा घिऊन!"

सोनालीच्या कॉलेजातली ती खोली आण्णांच्या डोळ्यांपुढं अजून तशीच होती. ओळीनं सोळा कॉम्प्युटर. पोरीनं पडद्यावरच्या पुलाचे सोळा तुकडे केले आणि एकेकाला एकेक वाटून दिला. सगळे एकदमच कामाला लागले. आपल्या तुकड्याचं गणित करायचं, कडेला आलं की शेजाऱ्याला विचारायचं: माझ्याकडं एवढं वाकलं, तुझ्याकडं किती? डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारदा विचारणं, हजारदा सांगणं. दगडाला बोट न लावता दगडाच्या पोटातलं दुखणं कळत होतं.

"म्या तर डोक्यावरची टोपीच काढली," आण्णा हळूच म्हणाले. "आन् तेवढ्यात पडद्यावर पूल लाल! जितं जितं तुकडं जुळत्यात, तितं तितं भेग. पोरगी रडकुंडीला आली. म्या म्हनलं, बाय, चौघं मिळून कळप मोजाय बसलं की शिवेवरचं मेंढरू दोघंबी मोजत्यात. तुज्या यंत्रांनी सांध्यावरचं वजन दोनदा धरलं असंल. बघती तर तसंच! दुरुस्त केलं, पूल हिरवागार!"

तेवढ्यात उसानं भरलेला ट्रॅक्टर धडधडत पुलावरनं गेला. कठडा थरथरला आणि गप झाला. मल्लप्पानं दगडावरनं हात फिरवला, देवाच्या पायावरनं फिरवावा तसा. "लई मोटं डोस्कं, आण्णा!"

"कुनाचं डोस्कं?" डोक्यावर गवताचा भारा घेतलेली आण्णांची बायको अंबुबाई त्यांच्या मागंच उभी होती. "उभ्या जन्मात कवा मेंढरं मोजलीसा वो? मोजायची मी. शिवेवरच्या मेंढराची गोष्ट त्या खोलीतबी म्याच काढली! तुमी टोपी काढली, ती तोंडावर घिऊन घोराय की!"