सहा भावंडांचा पासवर्ड

कमळाकर भोईरांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, दोन्ही तर्जन्या कीबोर्डवर आणल्या आणि एकेक अक्षर ओठांत पुटपुटत पासवर्ड पुन्हा टाकला. पडद्यावर पुन्हा तीच तांबडी ओळ आली. पासवर्ड चुकीचा आहे.

"नावेद, बघ रे जरा. घेत नाहीये."

नावेद पलीकडच्या टेबलावर प्रिंटरच्या पोटात हात घालून बसला होता. प्रिंटरला काहीही झालं नव्हतं. भोईरांचा पासवर्ड सकाळी त्यानंच बदलला होता, आणि ऑफिसच्या मालकीण मनस्वी मॅडम वाशीहून वकिलाकडचं पत्र घेऊन परत येईपर्यंत त्याला इथं काहीतरी दुरुस्त करत बसणं भाग होतं. पत्र भोईरांच्या नावाचं होतं. आजपासून येऊ नका, एवढाच त्याचा मतलब.

उरण नाक्याजवळच्या त्या ऑफिसात बंदरावर येणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तयार होत. मॅडमच्या वडिलांच्या काळापासून ती भोईर करत. अशा पाचसहा ऑफिसांचे कॉम्प्युटर नावेद सांभाळायचा आणि सल्लेही द्यायचा. माणूस काढायचा तर आधी त्याचा पासवर्ड काढा, मग त्याला सांगा. चिडलेला माणूस जाताना सगळ्या पार्ट्यांची माहिती घेऊन जातो. मॅडमना हा सल्ला फार आवडला होता. पेन ड्राइव्हची सुलटी बाजू कोणती हे भोईरांना आजवर कळलं नव्हतं, पण नियम तो नियम.

"कॅप्स लॉक चालू नाही ना, काका?" नावेद जागेवरूनच म्हणाला.

"नाही. बघितलं."

"सावकाश टाका. घाईत बोट घसरतं."

भोईरांनी सावकाश टाकला. मग आणखी सावकाश. मग नावेदकडे वळून कसनुसं हसले.

"तूच सांगितलं होतंस ना, जन्मात विसरणार नाही असं काहीतरी घ्या म्हणून? मी भावंडं घेतली. थोरला जनार्दन, मग बायजा, मग मी—"

"पासवर्ड मोठ्यानं सांगायचा नसतो, काका."

"हां, हां. चुकलंच."

त्यांनी आवाज खाली घेतला आणि बोटांवर मोजायला लागले. जनार्दन, बायजा, मी, हिरा, पांडू, सुमन. पुढं घराचा नंबर. अंगठ्यापर्यंत जाऊन ते थांबले आणि पुन्हा करंगळीपासून निघाले. माणूस खिसे चाचपतो तशी ते भावंडं चाचपत होते. नावेदला ते बघवेना. त्यानं उठून कपाटातला दुसरा कीबोर्ड काढला आणि मोठ्या गंभीरपणे भोईरांच्या टेबलावर जोडून दिला.

असलं नाटक करायला अंगात एक प्रकारचा नीचपणा लागतो, आणि तो आपल्याकडे आयताच निघाला याचं नावेदला थोडं नवल वाटलं.

"आता टाका."

तांबडी ओळ आली.

भोईरांनी हात मांडीवर ठेवले. ऑफिसात ते नेहमी शहरी बोलत, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. आता ती इस्त्री मोडली.

"जनादादाचं असंच सुरू झालं व्हतं. पयली नावं गेली. आईचं नाव सांगता येईना त्याला. आमी हसायचो रे." ते पडद्याकडेच बघत होते. "कोन सुटतंय माझ्याकडून? सा जनंच हाव आमी. का सात?"

इथं बोलायला हवं होतं. 'काका, तुमचं सगळं बरोबर आहे,' एवढंच. नावेदनं चहा मागवला.

चहा संपायच्या आत मॅडम आल्या. भोईरांना केबिनमध्ये बोलावून घेतलं, दार लावलं. आत आवाज चढला नाही. भोईर बाहेर आले तेव्हा हातात लिफाफा होता आणि चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता. मॅडम मागोमाग दारात येऊन उभ्या राहिल्या.

भोईर नावेदच्या टेबलापाशी आले.

"एक विचारू? तो पासवर्ड... मी टाकत व्हतो तो बरोबर व्हता का?"

नावेदनं मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही की डोळे वटारले नाहीत. नुसत्या उभ्या होत्या. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला खरं बोलायची जास्त लाज वाटते.

"नाही, काका," तो म्हणाला. "चुकत होता."

भोईरांनी मान डोलावली. डॉक्टरनं सांगितल्यावर डोलावतात तशी.

डबा आणि छत्री घेऊन ते जिना उतरायला लागले. नावेद छत्री धरायला म्हणून मागे गेला. खाली त्यांची स्कूटर उभी होती. तिच्या सीटवर त्यांनी हात ठेवला, आणि काढून घेतला.

"नको. पोरीला सांगतो, घेऊन जाईल. आपल्या हातून कुनाचं काय व्हायला नको."

"काका, तसं काही नाही—"

"मॅडम बोलली, काम कमी झालंय." ते मधेच म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मवाळ झाला. "काम कुठं कमी झालंय? मीच करतो ना, मला म्हाईत नाय? पन भली पोर. खरं कारण तोंडावर नाय सांगितलं. आन् तू पन सकाळधरनं कसा सांभाळून घेत व्हतास."

नावेदनं मागं वळून पाहिलं. वर खिडकीत मॅडम फोनवर बोलत होत्या. त्यानं रिक्षाला हात केला.

"कुठं जायचंय?" रिक्षावाल्यानं विचारलं.

रिक्षात बसलेल्या भोईरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डबा मांडीवर ठेवून त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून आधार कार्ड काढलं, ते डोळ्यांजवळ नेऊन मागचा पत्ता शेवटपर्यंत वाचला.

"सुकापूर," ते म्हणाले.