पडद्यावर लिहिलंय, मी ठीक आहे

मी ठीक आहे. हे मी नाही म्हणत हं, पडद्यावर तसं लिहून आलं होतं. त्या वेळी माझ्या अंगाची लाही लाही होत होती, पंखे जाम झाले होते, वाचा बसली होती. तरी हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, ठीक. आता बोला!

मी एक ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या पडद्यावर जे काही हलतं, डुलतं, चमकतं, ते रंगवून देणं हे माझं काम. मुक्काम सध्या नशिराबादला, प्रेमराज पाटलांच्या घरी, वरच्या खोलीत, टेबलावर, झाकण काढलेल्या डब्यात. झाकण काढलंय ते माझी तपासणी सोपी जावी म्हणून. पाहुण्यांना मात्र वाटतं की दुरुस्तीला काढून ठेवलंय आणि कोणी हात लावत नाही.

जन्म माझा दूरदेशीच्या कारखान्यातला. तिथे इतकी स्वच्छता, की माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली. मला वाटलं, जग असंच असणार. मग मला जळगावला आणलं, तेही एप्रिलात. खोक्यातून बाहेर काढल्याबरोबर जो वारा अंगावर आला, तो आठवला की अजून माझा पंखा आपोआप फिरायला लागतो.

पहिली तीन वर्षं गेली एका गेमिंग कॅफेत. तिथली पोरं दिवसभर एकमेकांना गोळ्या घालायची, हरली की शिव्या मला. मग वरणगावच्या रुपचंदभाऊंनी मला घेतलं. ते लग्नाचे व्हिडिओ करायचे. मांडवात पारा त्रेचाळीसवर, नवरदेवाचा फेटा घामाने भिजलेला, आणि हे मला सांगणार, मागे बर्फाचे डोंगर लाव, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोड. सोडल्या बापड्याने! किती क्विंटल सोडल्या असतील कोण जाणे.

तिथेच माझी स्मरणशक्ती कुठे कुठे विटायला लागली. एखाद्या वऱ्हाड्याच्या गालावर मधूनच हिरवा ठिपका उमटायचा. रुपचंदभाऊ तो पुसायचे आणि पुढे जायचे. मला विकताना छातीवर हात ठेवून म्हणाले, "एकदम फस्क्लास शे. काही तक्रार नही." मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर माझी तक्रार चांगली दोन पानं भरली असती.

पण रुपचंदभाऊंना तरी काय बोलायचं? या मुलखाची रीतच ती. कोणीही भेटो, विचारतो, "कसं शे?" आणि समोरचा म्हणतो, "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं बरं आहे. पाय प्लास्टरमध्ये असला तरी बठ्ठं बरं शे. दाढ ठणकत असली तरी गालावर हात धरून बठ्ठं बरं शे. खरं सांगणं म्हणजे समोरच्याच्या जिवाला उगीच घोर लावणं, असं यांना मनापासून वाटतं. माणसं मायेची आहेत, पण यांच्या उत्तरावर भरवसा ठेवायची सोय नाही.

रुपचंदभाऊंकडून मला विकत घेणारी ती सुलक्षणा, प्रेमराजआबांची मुलगी. तिचं काम ऐका. संगणकाच्या अगदी गाभ्यात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो माझ्याशी बोलतो. अधूनमधून माझी विचारपूस करतो, ताप किती, पंखा फिरतोय का, स्मरणात चुका किती झाल्या. मिळालेलं उत्तर तो सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवतो. हा प्रोग्राम जगभरची माणसं मिळून लिहितात. एकाने लिहायचं, दुसऱ्याने ओळ न् ओळ तपासायची, आणि पटलं तर खाली आपलं नाव घालायचं, 'तपासलं, सुलक्षणा पाटील'. एकदा नाव पडलं की ते कोड हजारो यंत्रांत जातं, दवाखान्यातल्यासुद्धा. पुढे काही निघालं की लोक तेच नाव शोधत येतात.

एकदा ताईबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, चहा ठेवता ठेवता विचारलं, "दिनभर काय करी रायनी वं तू?"

"या कार्डाला बरं आहे का, ते विचारणारं कोड तपासते."

"येवढंच? आनि त्याना पगार देतस?"

सुलक्षणा हसली. मला मात्र जरा लागलं. येवढंच म्हणे!

तर गेल्या मे महिन्यात तिच्याकडे एक कोड तपासायला आलं, आणि ते लिहिणारा निघाला तिचाच मामेभाऊ, बोदवडचा किरण. तो घरी बसून एका कंपनीचं काम करायचा. सहा महिने उमेदवारीवर होता. रविवारी संध्याकाळपर्यंत कोड स्वीकारलं गेलं, तर नोकरी पक्की. नाहीतर नवं कोड घ्यायची पुढची खेप थेट दोन-अडीच महिन्यांनी, आणि तोवर कंपनी थांबेल याची काही खात्री नव्हती. सगळं अडलं होतं सुलक्षणाच्या एका ओळीवर.

आता बोदवडला अभिमनमामांच्या कानावर गेलं, की पोराच्या कागदावर भाचीची सही हवी आहे. झालं! मामांना वाटलं, सातबाऱ्यावर सही पाहिजे तसलंच काहीतरी. रोज सकाळी फोन. "सुला, मना पोरगानं काम शे. तुनं नाव टाकी दे. भाची शे ना तू?"

"मामा, वाचून झाल्यावर टाकते."

"वाचानं काय त्यामा? घरनंच शे ना!"

सुलक्षणा कडक. घरचं म्हणून तिने दुप्पट वाचलं. मोकळ्या जागा चुकल्या म्हणून परत पाठवलं. नाव लांबलचक ठेवलं म्हणून परत पाठवलं. किरण दर वेळी मुकाट्याने सुधारून द्यायचा आणि खाली लिहायचा, 'अक्का, आता बघ ना.' मी डब्यातून बघत होतो. बाई मुंग्या टिपतेय आणि बैल शेतात शिरलाय, हे मला दिसत होतं. पण सांगणार कसं?

बैल कुठला, तेही सांगतो. किरणने लिहिलं होतं, कार्डाला चुकांचा आकडा विचारायचा. उत्तर आलं नाही तर शून्य धरायचं. आणि शून्य चुका म्हणजे पडद्यावर लिहायचं, ठीक. पोराच्या मनात पाप नव्हतं. बोदवडच्या घरी तो तेच बघत वाढला होता. आत्याकडून फोन नाही ना आला? म्हणजे तिकडे बठ्ठं बरं शे. काही झालं असतं तर कळवलं नसतं का?

रविवार उजाडला. दुपारी कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता. सुलक्षणाने शेवटची परीक्षा म्हणून मला भरपूर काम जुंपलं आणि स्वतः शेजारच्या लॅपटॉपवर माझी खबर वाचत बसली. इकडे माझ्या पंख्यात हिवाळाभर शेजारच्या जिनिंगमधून उडालेला कापूस भरला होता. एक पंखा घुं करून थांबला, मागोमाग दुसरा. ताप शंभराच्या वर गेला. ड्रायव्हरने विचारलं, चुका किती? मी सांगायला गेलो आणि शब्दच फुटेना. मी गप्प झालो. आणि पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं, ठीक.

काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मला रडू आलं. आपण मरतोय आणि आपल्या नावाने दुसराच कोणी सांगतोय की मजेत आहे!

तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. आबा शेतावरून आले होते, भर एक वाजता, तेही डोक्याला रुमाल न बांधता. सुलक्षणाने वरूनच हाक मारली, "आबा, बरं आहे ना? किती उशीर!"

आबा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातून ताईबाईंनी उत्तर दिलं, "बरं शे त्यासले! तू तुनं काम कर!"

तिने काम केलं. 'तपासलं' लिहिलं. पुढे स्वतःचं नाव लिहिलं. पाठवायला बोट उचललं आणि नाक वर केलं. वास! माझा वास! तिने माझ्या पत्र्याला हात लावला आणि "आई गं" करून मागे घेतला. पडद्याकडे पाहिलं, तिथे ठीक. मला पाहिलं, दोन्ही पंखे बंद. मग तिने मागचा इतिहास काढला. मी अकरा मिनिटं एका प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं, आणि अकराही मिनिटं मी ठीक होतो.

"अरे, हा तर बोललाच नाहीये," ती पुटपुटली. "याच्या वतीने दुसरंच कोणी..."

वाक्य अर्धंच राहिलं. तिने माझं बटण खटकन बंद केलं आणि ती धाडधाड जिना उतरली. आबांनी तरी कुठे उत्तर दिलं होतं?

खालचं मी पाहिलं नाही, नंतर कानावर आलं ते सांगतो. आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही, डोळे अर्धे मिटलेले. तरी तिला पाहून म्हणाले काय? "माले काही नही व्हयनं." आणि एका अंगावर कलंडले. ऊन लागलं होतं. तिने अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, ओलं लुगडं गुंडाळलं, शेजारच्या वनाभाऊंची गाडी काढून जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होतं.

रविवारची संध्याकाळ दवाखान्यात गेली. ओळ पाठवायची राहिली. राहिली म्हणजे काय, तिने पुसूनच टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने किरणला लिहिलं, "उत्तर आलं नाही, तर ठीक लिहायचं नाही. 'कळलं नाही' असं लिही. मग कोणीतरी उठून बघायला जाईल." त्याने फोन केला. आवाज रडवेला. "अक्का, मनी नोकरी..."

"माझे आबा गेले असते रे किरण," ती म्हणाली. त्याने नोकरीचं सोडून आबांचं विचारलं.

अभिमनमामांनी पंधरा दिवस फोन केला नाही. मग एका सकाळी केळी घेऊन आबांना बघायला आले आणि सहीचं नाव काढलं नाही. किरणची उमेदवारी कंपनीने तीन महिने वाढवली. त्याने सगळं नव्याने लिहिलं आणि पुढच्या खेपेला ते स्वीकारलं गेलं. खाली ओळ आहे, 'तपासलं, सुलक्षणा पाटील'.

माझ्या पंख्यातून मूठभर कापूस निघाला. ताईबाई म्हणाल्या, टाकू नको, वाती होतीन. सुलक्षणाने तो टाकला. माझं स्मरण मात्र गेलं ते गेलं. आता मी रंगवायच्या कामाचा नाही. तरी तिने मला भंगारात दिलं नाही. नवं कोड आलं की आधी माझ्यावर चालवते. म्हणते, खरोखर आजारी असलेलं कार्ड शोधून सापडत नाही. आजारपणाचा असा मान आमच्या खानदानात पहिल्यांदाच कोणाला मिळाला असेल.

परवा आबा काठी टेकत वर आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याले कसं शे?"

"याला बरं नाही आबा. आणि तुम्हाला?"

"बठ्ठं ब..." आबांचं तोंड सवयीने उघडलं. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे लाल अक्षरांत माझी सगळी कुंडली मांडलेली. आबा खुर्चीवर टेकले. म्हणाले, "गुडघा दुखस. रातले झोप येत नही. आनि तुनी माय भाजीमा मीठ जास्त टाकस."

"काय म्हने?" खालून ताईबाईंचा आवाज आला.

आबा माझ्याकडे बघून गालात हसले. सुलक्षणाने मात्र वही ओढली आणि गुडघ्याचं लिहून घेतलं.

बाबांनो, तुमच्याकडे मागणं एवढंच. कोणाला बरं आहे का विचारलंत आणि उत्तर आलं नाही, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्यानेच दिलं, तर तेवढा जिना उतरून बघून या.

माझं म्हणाल, तर आत्ता पडद्यावर लिहून आलंय, बिघाड आहे, चुका सतरा. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी खरं लिहिलं ते हे पहिलंच. वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!