बसू नये

म्हाताऱ्याने वेताचे शेवटचे टोक कापले, चाकू मिटला आणि विणलेल्या बैठकीवर तळहात दाबला.

"आता बसून बघतो," तो म्हणाला.

"हिच्यावर कुणी बसत नाही, आजोबा," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "लोखंडी नळी वाकवून केलेल्या पहिल्या खुर्च्यांपैकी आहे. नव्वदीची."

"मी पंच्याहत्तरचा. जमेल आमचं."

"चेष्टा नको."

"बसून बघितल्याशिवाय खुर्ची हातावेगळी केली नाही मी कधी."

"पाटी वाचा. ऐकलं नाही, तर उरलेल्या सहा खुर्च्या दुसऱ्याकडे द्याव्या लागतील मला." आणि त्या कामाच्या नोंदीची वही आणायला गेल्या.

तो खुर्चीपुढे उभा राहिला. एकच नळी जमिनीवरून उठून वळत वळत बैठक झाली होती, पाठ झाली होती आणि पुन्हा जमिनीला टेकली होती. पहिल्या दिवशी त्याने विचारले होते, "मागचे पाय कुठे ठेवलेत?" बाई हसल्या होत्या. पन्नास वर्षे त्याने चार पायांच्या खुर्च्या विणल्या. दोन पाय काढून टाकावेत, हे कुणाला सुचले असेल?

पाटीवरच्या अक्षरांखालून त्याने बोट फिरवले. मग बसला.

खुर्ची किंचित दबली आणि थांबली. पोहायला शिकवताना बापाने पोटाखाली धरलेला हात त्याला आठवला. वेत कुरकुरला नाही. त्याने डोळे मिटले.

"आजोबा. पाटी?"

"वाचली की. 'बसून ये' लिहिलंय."

बाई कपाळावर हात मारून हसल्या. सत्तरीनंतर नातीकडून अक्षरे शिकल्याचे त्यानेच त्यांना कौतुकाने सांगितले होते.

"'बसू नये' आहे ते."

"असं होय," तो सावकाश उठला. "अक्षरं तीच की."

बाईंनी बैठक निरखली. एक धागाही हलला नव्हता. त्यांनी वही पुढे केली.

त्याने लिहिले: बसून पाहिली. पक्की आहे. प्रत्येक शब्दानंतर त्याने डावे बोट कागदावर टेकवले आणि नातीने शिकवल्याप्रमाणे बोटभर जागा सोडली.

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग पाटीकडे. तिथे दोन शब्दांमध्ये चांगली दोन बोटे जागा होती.

त्यांनी वही मिटली.

"दुसरी खुर्ची उद्या काढते," त्या म्हणाल्या. "झाली की सांगा. मी वही आणायला जाईन."