हनमापूरचं शून्य

अखेर सरकारी कॉम्प्युटरलाही साक्षात्कार झाला.

देगलूर तालुका, तापाचे रुग्ण : वाढते.
हनमापूर : शून्य.

त्या शून्याची हनमापुरात मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल आणि ट्रॅक्टरवर गावचे महाराज शीतलअप्पा. "आपली विभूती कॉम्प्युटरनं बी मानली," ते माइकवरून म्हणाले. "डासाला मी दीक्षा दिली हाय. आता तो चावत न्हाई, नुसता नमस्कार करतो."

गर्दीनं हात जोडले. मागं उभ्या असलेल्या तालुक्याच्या डॉक्टर अंबिकांनी दंडावरचा एक नमस्कार चापटीनं मारला.

शेजारची सगळी गावं फणफणलेली आणि मधलं एकच थंडगार, असं दिसलं की भक्ताला देव आठवतो. अंबिकांना गावची आशाताई रत्नम्मा आठवली होती. तिला त्यांनी मिरवणुकीतून बाजूला घेतलं.

"मी घरोघर विचारून राहिले ना, मॅडम," रत्नम्मा म्हणाली. "ताप हाय का? सगळे म्हणतात, न्हाई. मग मी बी 'न्हाई'च कळवलं."

"चल, पुन्हा विचारू."

पहिलंच घर गंगम्माचं. खाटेवर तिची गरोदर सून आरती गोधडीत कुडकुडत होती.

"ताप आहे?"

"न्हाई ओ," सासूनंच उत्तर दिलं.

अंबिकांनी आरतीच्या कपाळावर हात ठेवला. "भाजतंय की अंग."

"ती ऊब हाय," गंगम्मा म्हणाली. "अप्पा म्हणले, त्याचं नाव घेतलं की ते घरात शिरतंय. ऊब म्हणायचं."

रत्नम्माला रुग्णवाहिकेला फोन करायला सांगून अंबिका तडक ट्रॅक्टरपाशी गेल्या. मागोमाग गंगम्माही. माइक मागून घेतला.

"ताप कुणाला आहे?"

कुणालाच नाही.

"बरं. ऊब कुणाला आहे?"

हात वर झाले. बांगड्यांचे, गुलालाचे, हलगीवाल्याचा, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचाही.

हनमापूर, ऊब : मोजून राहिलोय, थांबा.

"अप्पांनी तापाचं फक्त नाव बदललं," अंबिका म्हणाल्या. "तुम्ही न्हाई म्हणालात, कॉम्प्युटरनं तेच लिहिलं. म्हणून फवारणीची गाडी तुमच्या गावाला वळसा घालून गेली."

"हा श्रद्धेचा विषय हाय, मॅडम," अप्पा म्हणाले.

"डासाचा आहे, अप्पा. तुमचेही डोळे लाल दिसतात. थर्मामीटर लावू?"

अप्पांनी उपरणं लपेटून घेतलं. "मला जरा... ऊबच हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. गंगम्मा हसली नाही. ती घराकडे पळाली.

आरतीला गाडीत चढवताना रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं विचारलं, "काय होतंय हिला?"

गंगम्मानं एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"ताप," ती म्हणाली. "परवापासून लई ताप हाय."

नाव घेतल्यानं कुणाला ताप येत नाही. घरात कुणाचं अंग तापलं तर ताप आला असं म्हणा, मोठ्यानं म्हणा, आणि रक्त तपासून घ्या.